कमोडोर ६४ : आधी ॲडॅप्टर तपासा
जुना कमोडोर ६४ (१९८०च्या दशकातला घरगुती संगणक) हाती आला की लगेच चालू करून बघू नका. मूळ ॲडॅप्टर बहुधा रेझिन ओतून बंद केलेला असतो. आतला रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) गेला की ५ व्होल्टच्या जागी जास्त व्होल्टेज सोडतो आणि रॅम (संगणकाची कामापुरती मेमरी) जळते. मल्टिमीटरने प्लगच्या ५ आणि २ नंबरच्या पिनांमध्ये मोजा: ४.७५ ते ५.२५ हवं. आज बरोबर दाखवलं तरी भरवसा नाही, नवा घेतलेलाच बरा. अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर लावायचा नाही.

चांगला ॲडॅप्टर लावूनही पडदा काळाच राहिला, तर चालू केल्यापासून दोन मिनिटांनी रॅमच्या चिपा (जुन्या बोर्डावर आठ) बोटाने चाचपा. एखादीच चटका देत असेल, तर बहुतेक तीच गेली. सगळ्या सारख्याच कोमट? मग पहिला संशय पीएलए चिपवर (कोणत्या चिपेशी कधी बोलायचं ते ठरवणारी चिप).