पाचारण सापडत नाही, पाचारण होते

प्रश्न असा आला आहे: "आमच्या मंडळीच्या तरुण संघाच्या शिबिराचा विषय आहे, 'रोजच्या प्रार्थनेतून आपले पाचारण शोधा'. फलक छापायला द्यायचा आहे. एक जण म्हणतो, पाचारण कोणाला कळणार नाही, 'कॉलिंग' लिहा. दुसरा म्हणतो, पाचारण हा मिशनऱ्यांनी बनवलेला शब्द आहे. खरे काय? आणि हा शब्द आला कुठून?"

ताई, सलाम. आधी त्या फलकावरचे 'शोधा' पुसा, मग बाकीचे बोलू. "माझं कॉलिंग अजून सापडलं नाही", "मला पाचारण मिळालं" ही वाक्ये मी दर रविवारी ऐकतो आणि दर वेळी मला तितकाच त्रास होतो. हरवलेली किल्ली सापडते, पगार मिळतो. पाचारण होते. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिले ते आपल्या मराठी बायबलात कसे आले आहे पाहा: "तुम्हांला झालेले पाचारण". झालेले! करणारा दुसरा आहे, ते आपल्याला होते, आणि आपण ते फक्त ऐकू शकतो किंवा न ऐकल्यासारखे करू शकतो. बोलावणे शोधायला कोणी घराबाहेर पडत नाही.

'कॉलिंग'वाल्यांना एवढेच सांगा की 'पाचारण' कळत नाही असे म्हणणाऱ्याने आजचे वर्तमानपत्र उघडावे. गोदामाला आग लागली की अग्निशमन दलाला पाचारण होते, जमाव आवरेना की राखीव पोलिसांना पाचारण होते. शब्द रोज डोळ्यांखालून जातो. मिशनऱ्यांनी तो बनवला हेही खोटे. त्यांनी तो उचलला, आणि फार नेमका उचलला. आवतण जेवणाचे असते. हाळी बांधावरून दूरच्या माणसाला देतात. साद घातली की पडसादाची अपेक्षा असते. पाचारण मात्र कामासाठीच होते. अग्निशमन दलाला कोणी चहाला पाचारण करत नाही.

आता व्युत्पत्ती, आणि इथे मला जरा जागा द्या.

बरेच जण 'पाचारण'चे नाते संस्कृत 'प्रचार'शी लावतात. दिसायला सोपे, ऐकायला बरे, आणि चुकीचे. सुट्ट्या 'च'ची प्राकृतातून मराठीत येताना काय गत होते ते 'सूची'ला विचारा: तिची 'सुई' झाली, 'च' गळून गेला. 'प्रचार'चे प्राकृतात 'पयार' होते, त्यातून 'पाचार' निघणार कसा? मराठीत 'च' टिकायचा तर प्राकृतात तो जोड, म्हणजे 'च्च', असायला हवा. सप्तचे सत्त, सत्तचे सात. हस्तचे हत्थ, हत्थचा हात. जोड सुटला की आधीचा स्वर लांबतो. म्हणजे 'पाचार'च्या मागे 'पच्चार' हवा. आणि तो आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात, प्राकृताच्या भागात, सूत्र दिले आहे: "उपालम्भेर्झङ्ख-पच्चार-वेलवाः". उपालंभ करणे, म्हणजे दोष देणे, बोल लावणे, यासाठी प्राकृतात झंख, पच्चार आणि वेलव हे धातू येतात!

पाचारणाच्या पोटात उपालंभ आहे. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या. जुन्या हिंदीतला 'पचारना' याच घरातला, आणि त्याचा अर्थ ललकारणे. बोल लावणे, ललकारणे, बोलावणे अशी ही वाट आहे. मराठीने शेवटचा अर्थ ठेवला आणि आधीचे दोन विसरली.

पण शास्त्र विसरलेले नाही. पवित्र शास्त्रातली पाचारणे एकामागून एक वाचा. एदेन बागेत लपलेल्या आदामाला पहिली हाक येते ती "तू कोठे आहेस?" अशी. ईजबेल राणीच्या भीतीने होरेब डोंगराच्या गुहेत जाऊन बसलेल्या एलीया संदेष्ट्याला वारा, भूकंप, अग्नी हे सगळे सरल्यावर शांत, मंद वाणी ऐकू येते, आणि ती वाणी काय म्हणते? "एलीया, तू येथे काय करत आहेस?" दिमिष्काच्या वाटेवर शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, "ये, माझा प्रेषित हो" असे कोणी म्हणत नाही. "शौला, शौला, माझा छळ का करतोस?" हा उपालंभच झाला. तिबिर्याच्या किनाऱ्यावर पेत्राला येशूकडून तीनदा "माझ्यावर प्रीती करतोस काय?" हाच प्रश्न ऐकावा लागला, तिसऱ्यांदा तो दुःखी झाला, आणि त्याच प्रश्नोत्तरात मेंढरे त्याच्या हवाली झाली. हेमचंद्र जैन आचार्य होता, त्याने हे डोळ्यांसमोर ठेवून सूत्र लिहिले नव्हते. तरी देवाच्या हाकेला मराठीत 'पाचारण' म्हणण्यापेक्षा योग्य शब्द मला तरी माहीत नाही.

याला जोड म्हणून पाणिनीही घ्या. 'आ + ह्वे' हा बोलावण्याचा धातू. संस्कृत क्रियापदाची रूपे दोन प्रकारांनी चालतात, परस्मैपदी आणि आत्मनेपदी. साध्या हाकेला परस्मैपद, पण स्पर्धा असेल तर आत्मनेपद: "स्पर्धायामाङः". टीकाकारांची उदाहरणे सुरेख आहेत. गवळी गाईला हाक मारतो तेव्हा "गामाह्वयति गोपालः", आणि मल्ल मल्लाला पुकारतो तेव्हा "मल्लो मल्लमाह्वयते". आपले 'आव्हान' याच धातूचे. ('आवाहन' निराळे, ते 'वह्'पासून, आणि या दोघांची अदलाबदल करणाऱ्यांवर पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन.) कॅथलिक मंडळी 1964 पासून पाचारणासाठी जागतिक प्रार्थनादिन पाळतात, तो उत्तम मेंढपाळाच्या रविवारी. त्या दिवशीची जवळजवळ सगळी प्रवचने मेंढपाळाच्या प्रेमळ हाकेवर असतात. मला हे अर्धे वाटते, आणि मी धर्मगुरूंना तसे तोंडावर सांगितले आहे. ती गवळ्याची हाक झाली. मल्लाची हाक कुठे गेली? याकोब यब्बोक नदीच्या उतारापाशी रात्रभर देवाशी झुंजला, जांघ लचकली, तरी "आशीर्वाद दिल्याशिवाय सोडणार नाही" म्हणाला, आणि तिथे त्याला इस्राएल हे नाव मिळाले. आपला सहकारी एपफ्रास प्रार्थनेत कसा असे ते सांगताना पौल ग्रीकमध्ये जे क्रियापद वापरतो ते आखाड्यातले आहे. आणि आखाड्यात उतरायचे तर तालमीत रोज जावे लागते.

म्हणून 'रोज' हा तुमच्या फलकावरचा सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे. पाचारण मोठ्या मेळाव्यात, दिव्यांच्या झगमगाटात होते असा समज पसरला आहे. शमुवेल पोरगा शिलोच्या मंदिरात झोपला होता, देवाचा दीप अजून विझला नव्हता. हाक आली तेव्हा तो तीनदा उठून याजक एलीकडे धावला, कारण त्याला तो आवाज ओळखू येत नव्हता. ओळख पटली ती चौथ्यांदा, "बोल, तुझा दास ऐकत आहे" एवढे एक वाक्य एलीने शिकवल्यावर. पण तो होता कुठे? रोज असायचा तिथेच. रोजची प्रार्थना पाचारण घडवत नाही. ती माणसाला हाकेच्या टप्प्यात ठेवते.

मदर तेरेसांना 10 सप्टेंबर 1946 रोजी दार्जिलिंगच्या गाडीत जे झाले त्याला त्या पाचारणातले पाचारण म्हणत. त्या आधी 1929 पासून त्या भारतात होत्या, 1931 मध्ये त्यांनी पहिली व्रते घेतली होती, म्हणजे पंधरा वर्षे मठाचा घंटानाद, पहाटेची उपासना, शाळेतले शिकवणे हे रोज चालू होते. त्या दिवशीही त्या निघाल्या होत्या त्या वार्षिक एकांत साधनेला. आणि जी वाणी त्यांना ऐकू आली तिचे पुढे पत्रांतून कळलेले शब्द "तू नकार देशील का?" असे आहेत. पुन्हा पच्चार!

आमच्या आजीचेही सांगतो. ती पहाटे चुलीपुढे बसून प्रार्थना करायची. पीठ मळताना आमची नावे, भाकरी थापताना गल्लीतली नावे, एकेका भाकरीला एकेक घर. मागच्या आळीतल्या एका विधवा बाईचे नाव रोज यायचे, "प्रभू, तिला सांभाळ." एक दिवस थापता थापता आजीचा हात थांबला. काठोकाठ पसरलेली भाकरी तशीच परातीत. ती म्हणाली, "रोज नाव घेते मी तिचं, दारात मात्र एकदाही गेले नाही." तवा उतरवला, झालेल्या दोन भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि निघाली. त्या बाईचे डोळे पुढे गेले, तिला आंघोळ घालण्यापासून शास्त्र वाचून दाखवण्यापर्यंत सगळे आजीने केले, ती बाई प्रभूघरी जाईपर्यंत. आजीला कोणी विचारले असते, तुमचे पाचारण कोणते, तर तिला तो प्रश्न कळला नसता. पण स्वतःच्याच तोंडच्या प्रार्थनेने तिला त्या पहाटे बोल लावला, आणि तिने तो ऐकला. हेच नाव सहा महिन्यांतून एकदा घेतले असते तर बोचले असते का? मला नाही वाटत.

एक आक्षेप येणार हे ठाऊक आहे: "शब्दाचा हजार वर्षांपूर्वीचा अर्थ आज कशाला उकरता? आज पाचारण म्हणजे बोलावणे, संपले." भाषेच्या अभ्यासकांचे हे आवडते वाक्य आहे आणि कोशापुरते ते बरोबरही आहे. पण प्रार्थनेला बसणाऱ्या मुलाला आपण शब्द देतो तेव्हा त्याबरोबर अपेक्षाही देतो. त्याला 'कॉलिंग' दिले तर तो आपली आवड, आपले गुण, आपले करिअर यांचा हिशोब मांडत बसेल आणि महिनाभरात काही सापडले नाही म्हणून उठेल. त्याला सांगा की पाचारणात टोचणी असते. मग प्रार्थनेत एखादे नाव, एखादे टाळलेले काम पुन्हा पुन्हा पुढे येऊन बोचू लागले, तर तो त्याला मनाची चंचलता समजून झटकणार नाही, दोन मिनिटे थांबेल.

तुमचा फलक राहिलाच. 'रोजच्या प्रार्थनेत पाचारण ऐका' असे छापा. 'प्रार्थनेतून' नको, 'प्रार्थनेत'. आणि छपाईवाला 'पाचारण'चे 'प्राचारण' करील, ते आधी तपासून घ्या.