दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस व्हिएतनाम: टूरवाल्याने दिलेला कार्यक्रम घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की दिवाळीत आठ दिवस हाताशी आहेत, सोबत सत्तरीतले आई-वडील आणि शाळेतली मुलगी, सगळे शाकाहारी; टूरवाल्याने हनोई, हा लाँगचं आखात, दा नांग, होई आन, हो ची मिन्ह सिटी आणि फू क्वोक असं सगळं बसवून दिलंय, तर घ्यावं का?

नका घेऊ. निदान आहे तसं तरी नाहीच.

नकाशावर तो देश चिंचोळा दिसतो, म्हणून वाटतं की वरून खाली आलं की झालं. हनोई ते हो ची मिन्ह सिटी रेल्वेने १,७२६ किलोमीटर आहे, गाडीला तीस तासांहून जास्त लागतात. विमानाने दोन तास, पण हॉटेल सोडणं, बॅगा, विमानतळ, पुन्हा हॉटेल यात अर्धा दिवस जातोच. तुमच्या यादीत अशा तीन उड्या आहेत, परतीची वेगळी. आई-बाबांना व्हिएतनामपेक्षा विमानतळच जास्त दिसतील.

पण खरी अडचण वेगळी आहे, आणि ती टूरवाले सहसा सांगत नाहीत. आपल्याकडे दसऱ्यापर्यंत पाऊस आवरतो. मध्य व्हिएतनाममध्ये तेव्हाच तो जोर धरतो. चेन्नईला भिजवणारे ईशान्य मोसमी वारे तिथे समुद्रावरून येऊन डोंगरावर आपटतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे ह्युए, दा नांग, होई आनचे सर्वांत ओले महिने. मी कामानिमित्त दा नांगला राहिलोय. या दिवसांत होई आनची थू बॉन नदी फुगली की जुन्या गावातल्या गल्ल्यांमधून होड्या फिरतात. तिथल्या काही जुन्या घरांत माळ्याच्या फळ्यांमध्ये झडप ठेवलेली असते, पूर आला की दुकानातला माल दोराने वर ओढून घ्यायला. भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणाही करून ठेवल्यात. दरवर्षी तुमच्याच तारखांना पूर येईल असं नाही, पण सत्तरीतल्या माणसांना घेऊन हा जुगार कशाला?

म्हणून दिवाळीत फक्त उत्तर करा. हनोईला तेव्हा उकाडा सरलेला असतो आणि जानेवारी-फेब्रुवारीची ती चिकट, राखाडी थंडी अजून आलेली नसते. जुन्या हनोईत दोन-तीन दिवस, निन्ह बिन्हला दोन, हा लाँगला एक रात्र बोटीवर, बाकीचे दिवस मोकळे ठेवा. हा लाँगची गर्दी नको असेल तर शेजारचं लान हा आखात घ्या. डोंगर तसेच, बोटी कमी. वादळाचा इशारा आला तर बोटी बंद ठेवतात, तेव्हा ती रात्र अगदी शेवटच्या दिवसांत ठेवू नका.

निन्ह बिन्ह हनोईपासून साधारण शंभर किलोमीटरवर. माझ्या मते हा लाँगपेक्षा वृद्धांना हेच जास्त आवडेल. चांग आनला वल्ह्याच्या छोट्या होडीत बसायचं, चुनखडीच्या डोंगरांखालच्या गुहांतून ती आरपार जाते. काही ठिकाणी छत इतकं खाली येतं की मान गुडघ्यात घालावी लागते. शेजारच्या ताम कॉकला नावाडी चक्क पायांनी वल्हवतात. मुलगी तेच बघत बसेल.

उत्तरेतल्याच डोंगराळ सा पा गावाचं आकर्षण म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांची भातशेती. सप्टेंबरमध्ये ती पिवळीधमक असते, दिवाळीपर्यंत कापणी उरकून नुसती खुंटं राहतात. शिवाय हनोईहून पाच-सहा तासांचा प्रवास. सोडा.

मध्य भाग मात्र कायमचा सोडू नका, तो मार्च-एप्रिलसाठी राखून ठेवा. खरं तर मला सगळ्यात आवडतो तो हाच. ह्युए ते दा नांग रेल्वेने या, डाव्या बाजूची खिडकी मिळवा. हाय वान घाटाखालून गाडी समुद्राला अगदी खेटून जाते. याच भागात ‘मी सन’ नावाच्या ठिकाणी चाम राजांनी, म्हणजे इथल्या जुन्या हिंदू राजांनी, बांधलेली विटांची शिवमंदिरं आहेत. १९६९च्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात बरीच उद्ध्वस्त झाली, पुढे आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे जीर्णोद्धाराचं काम केलं आणि २०२० मध्ये त्या कामात एक अखंड वालुकाश्मातलं शिवलिंग सापडलं. दा नांगच्या चाम शिल्प संग्रहालयात ‘मी सन’चा गणपती आहे, उभा, डाव्या हातात वाटी आणि सोंड त्या वाटीत. दा नांगजवळच्या बा ना हिल्सवरचा, दोन प्रचंड हातांनी तोलल्यासारखा दिसणारा पूल सगळे बघतातच. हा गणपती फार कमी लोक बघतात.

यादीतलं फू क्वोक हे दक्षिणेचं बेट नोव्हेंबरच्या मध्यानंतर ते मार्चपर्यंत चांगलं, त्याआधी ढग आणि खवळलेला समुद्र.

ई-व्हिसा आधीच काढा, आणि नाव पासपोर्टवर आहे अक्षर न् अक्षर तसंच भरा.

खाण्याचं म्हणाल तर नुसतं ‘मांस नको’ सांगून भागत नाही. भाजीतही माशाचं सॉस पडतं आणि फो म्हणजे तिथल्या नूडल्सच्या सुपाचा रस्सा बहुधा हाडांचाच असतो. पाटीवर ‘चाय’ लिहिलेली हॉटेलं शोधा, ती बौद्ध शाकाहारी असतात. रोमन लिपीत सी, एच, ए, वाय. तिथल्या चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्येच्या सुमारास, आणि पौर्णिमेला तिथले बरेच लोक शाकाहार करतात, त्या दिवशी पर्याय जास्त मिळतात, गर्दीही जास्त. तेव्हा बाराच्या आत जेवायला पोहोचा.