पर्सनल नंबर द्यायचा नाही म्हणजे नाही

हेल्पलाइनवरच्या त्या कॉलरबद्दलचा तुझा मेसेज वाचला. "ताई, तो म्हणतो फक्त तुमच्याशीच बोलेन, दुसऱ्या कोणी उचलला तर कट करेन. माझा पर्सनल नंबर देऊ का?"

नाही. द्यायचा नाही.

चिडशील, चिड. एक माणूस एवढा विश्वास टाकतोय आणि आपण त्याला नियम ऐकवायचे, हे काय रेशन ऑफिस आहे का, असं वाटतंय ना तुला? कळतंय मला. तुझी कळकळ दिसते म्हणूनच एवढं टाइप करत बसलेय, नाहीतर 'सुपरवायझरला विचार' म्हणून मोकळी झाले असते (ते विचारायचंच आहेस, आजच).

पण हे बघ, त्याला परत जीव नकोसा वाटेल तेव्हा पहाटेचे तीन वाजले असतील आणि तू डोंबिवलीला गाढ झोपलेली असशील, फोन सायलेंटवर. किंवा संध्याकाळी दादरला लेडीज डब्यात चढलेली असशील, बॅग पोटाशी धरून, फोन वाजतोय आणि हात आत घालायलाही जागा नाही. मग त्याच्या डोक्यात काय बसेल? हिनेपण नाही उचलला. हेल्पलाइनवर एक उठला की दुसरा बसतो, म्हणून ती चालते. तू एकटी हेल्पलाइन नाहीयेस गं.

लंडनच्या चॅड वाराह नावाच्या पाद्र्याने १९५३ मध्ये आपल्या चर्चमधल्या फोनवर हे काम सुरू केलं, त्यातूनच समॅरिटन्स ही हेल्पलाइन चालवणारी संस्था उभी राहिली. त्यालाही आधी वाटलेलं की खरं समुपदेशन आपण करायचं, बाकीचे मदतनीस आलेल्यांना चहा देतील, बसवून ठेवतील. झालं उलटंच! बाहेर त्या साध्या माणसांशी बोलूनच कितीतरी लोकांचं मन हलकं व्हायला लागलं, त्यांना याच्यापर्यंत जायची गरजच पडेना. १९५४ च्या फेब्रुवारीत त्याने ऐकायचं काम सरळ स्वयंसेवकांच्या हातात दिलं. ज्याने सुरू केलं तो बाजूला होऊ शकतो, आणि तुला तीन महिन्यांत वाटायला लागलं की तुझ्याशिवाय अडेल?

रागावू नकोस. कॉल तू छान घेतलास, तू लिहिलंयस त्यावरून कळतं. मधे तोडलं नाहीस, 'एवढ्याशा गोष्टीवरून काय' म्हणाली नाहीस, आणि सरळ विचारलंस, आत्महत्येचा विचार येतोय का. असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, उलट आतल्या आत दाबून ठेवलेलं एकदाचं बोलता येतं. त्या विचाराचा जोर चढतो तसा बहुतेक वेळा उतरतोही, तोवर आपण लाइनवर थांबायचं, आणि मग आज रात्री घरात कोण आहे, उद्या कोणाला भेटणार, जिवाला धोका होईल असं काही हाताशी असेल तर ते कोणाकडे देता येईल, हे त्याच्याच तोंडून ठरवून घ्यायचं. हे शिकलेला कोणीही करू शकतो. नंबर त्यासाठी लागत नाही.

माझंही असं झालंय. एक कॉलर बरेच महिने करायचा, त्याने हेच मागितलं, मी नाही दिला. मग त्याचे फोन बंद झाले. बरा झाला, गावी गेला, की अजून काही, कळणार नाही कधीच. आमच्या घरात मला दगड म्हणतात यावरून. बरं, दगड. पण नंबर दिलेली गुणी पोरं मी पाहिलीत, जेवताना फोन ताटाशेजारी, सिनेमाला गेली तरी लक्ष फोनवर, आणि मग एक दिवस येणंच बंद. मी अजून शिफ्टला बसते ना? त्या खुर्चीतून किती फोन उचलले गेले ते कोणी धरत नाही, तो एक नंबर नाही दिला तेवढा सगळ्यांना दिसतो. असो.

पुढच्या वेळी तो आला तर त्याला सांग, 'मी नसेन तेव्हा जो कोणी असेल तोही असंच ऐकेल, सुरुवात कुठून करायची ते आत्ता दोघं मिळून ठरवूया.' एखादं वाक्य ठरवून दे, तेवढ्याने परत पहिल्यापासून सगळं सांगायची धास्ती कमी होते. रात्रीसाठी १४४१६ दे, टेलीमानस, सरकारची हेल्पलाइन आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. तिथे आधी समुपदेशक बोलतात, गरज पडली तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. तो 'तिथे नाही करणार' म्हणेल. म्हणू दे, तरी दे. आणि आत्ता या क्षणी जिवाला धोका आहे असं वाटलं तर सुपरवायझरला तिथल्या तिथे हाक मारायची, गुपित राखतो आपण पण त्यालाही हद्द आहे, हे ट्रेनिंगमध्ये सांगितलंय तुला.

आता शिफ्टच्या नोंदीत लिही की याचा फोन परत येऊ शकतो, काय बोलणं झालं, काय ठरलं, म्हणजे जो बसेल त्याला अंदाज असेल. 'फक्त माझ्याशीच बोलतो' असं मात्र त्यात लिहू नकोस.