इंग्लंडमध्ये लर्निंग डिसॅबिलिटी (बौद्धिक अक्षमता) असलेल्या भावाचं असेसमेंट करायलाच काउन्सिल नाही म्हणतंय. काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की भाऊ २९ वर्षांचा आहे, सत्तरीतल्या आई-वडिलांजवळ राहतो, आणि काउन्सिलला (स्थानिक प्रशासनाला) फोन केल्यावर पलीकडच्या बाईंनी सांगितलं, "तो स्वतः जेवतो, कपडे घालतो, घरचे बघतात, म्हणजे असेसमेंटची गरज नाही." असेसमेंट म्हणजे त्याला कोणत्या मदतीची गरज आहे याची पाहणी, आणि ते फोनवर असं निकालात काढता येत नाही. केअर ॲक्ट २०१४ च्या कलम ९ प्रमाणे एखाद्या प्रौढ माणसाला देखभालीची किंवा आधाराची गरज असू शकेल असं दिसलं, की असेसमेंट करणं काउन्सिलवर बंधनकारक आहे. गरज किती मोठी आहे आणि त्याच्याकडे पैसे किती आहेत, हे आधी बघायचंच नाही, असं त्याच कलमात लिहिलंय. मदत मिळेल की नाही हा पुढचा प्रश्न, आणि तो सोडवण्यासाठीच असेसमेंट करायचं असतं.

माझ्या धाकट्या भावालाही लर्निंग डिसॅबिलिटी आहे आणि आम्हीही हेच वाक्य ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आता फोन करू नका, ईमेल करा. त्यात भावाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, आणि "केअर ॲक्टच्या कलम ९ खाली नीड्स असेसमेंट हवं आहे" हे स्पष्ट वाक्य. करणार नसाल तर कारण लेखी कळवा, हेही लिहा. निदानाचा कागद हातात नसला तरी अडत नाही. शाळेचे जुने रिपोर्ट असतील तर जोडा, पण ते शोधण्यात महिने घालवू नका. किती दिवसांत असेसमेंट व्हावं याचा आकडा कायद्यात नाही, "वाजवी वेळेत" एवढंच आहे. म्हणून तारीख तुम्हीच मागत राहायची. दरम्यान आई आजारी पडली किंवा घरात काही अचानक घडलं, तर असेसमेंटआधीही तातडीची मदत देण्याचा अधिकार कलम १९ ने काउन्सिलला दिलाय. अशा वेळी ते कलम नाव घेऊन सांगा.

आता "घरचे बघतात" या मुद्द्याकडे येते, कारण सगळं तिथेच अडतं. भावाच्या गरजा मोजताना आई करते ते काम बाजूला ठेवून मोजायच्या, असा नियम आहे. ती आज जे करते ते उद्या कोणीच केलं नाही तर काय होईल, हे नोंदवलं गेलं पाहिजे. त्यातलं आई काय करायला तयार आहे आणि तिला काय झेपतं, हा विचार नंतर, मदत ठरवताना होतो.

पात्रतेसाठी रोजच्या जगण्यातल्या दहा गोष्टी बघतात: खाणंपिणं, अंगाची स्वच्छता, घरात सुरक्षित वावरणं, नाती, काम किंवा शिक्षण, बस-दुकानं-वाचनालय वापरता येणं वगैरे. त्यांतल्या किमान दोन जमत नसतील आणि त्याचा जगण्यावर मोठा परिणाम होत असेल, तर तो पात्र ठरतो. "जमत नाही" याचा अर्थ इथे बराच रुंद आहे. कोणी आठवण करून दिल्याशिवाय होत नाही, फार वेळ लागतो, करताना प्रचंड घाबरतो, किंवा करताना त्याला धोका होतो, हे सगळं त्यात येतं. म्हणून "कपडे स्वतः घालतो" हे उत्तर अपुरं आहे. थंडीत कोणते घालायचे हे कोण सांगतं? आंघोळीचं पाणी किती गरम आहे हे कोण बघतं? बसचा मार्ग बदलला तर तो काय करेल? दारावर अनोळखी माणूस आला तर? आईबरोबर बसून एक आठवडा हे सगळं लिहून काढा. तिला स्वतःला ते काम वाटतच नाही, त्यामुळे विचारल्याशिवाय ती सांगणार नाही.

आणि एक अवघड गोष्ट आई-वडिलांशी आधीच बोलून घ्या. परक्या माणसासमोर मुलाचं उणं काढायचं नाही, ही आपल्या घरांतली रीत आहे. सोशल वर्कर आली की "तो सगळं करतो हो, फार गुणी आहे" असं तोंडातून निघतं. तो गुणी आहेच. पण त्या दिवशी वाईट दिवसांबद्दलही बोलावं लागतं. त्याच्यासमोर बोलणं जड जात असेल तर त्यांच्यासाठी वेगळा वेळ मागा. भावाच्या बाबतीतही सांगून ठेवा: प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणायची सवय असेल, तर "जमतं का?" ऐवजी "कसं करतोस, दाखव" असं विचारायला सांगा. सोप्या भाषेतले, चित्रांचे कागद, जास्त वेळ, दोन बैठका, हे सगळं मागता येतं. आई-वडिलांना इंग्रजी जड असेल तर दुभाष्या मागा. तुम्ही स्वतः तिथे दुभाषी बनू नका, तुम्हाला भावाच्या बाजूने बोलायचं आहे. आणि त्याला समजून घेणं खूप कठीण जात असेल आणि आधाराला योग्य माणूस कोणीच नसेल, तर स्वतंत्र ॲडव्होकेट (वकील नव्हे, त्याच्या वतीने बोलणारा माणूस) नेमणं काउन्सिलचं काम आहे (कलम ६७).

भाऊ "नको" म्हणाला म्हणून फाइल बंद झाली, असंही होतं. ते समजून नाकारण्याची क्षमता त्याच्यात नसेल आणि असेसमेंट त्याच्या हिताचं असेल, तर ते करावंच लागतं.

आईसाठी कलम १० खाली वेगळं केअरर्स असेसमेंट (देखभाल करणाऱ्याच्या गरजांची पाहणी) मागा, त्याच ईमेलमध्ये. "माझं काय, त्याचं बघा" असं ती म्हणेल. तरी मागाच.

पैशांची भीती अनेकांना थांबवते. असेसमेंट फुकट असतं. त्यानंतरच्या आर्थिक तपासणीत भावाचेच पैसे मोजतात, आई-वडिलांचं घर किंवा बचत नाही. त्याच्या नावावर २३,२५० पौंडांहून जास्त असेल, तर साधारणपणे मदतीचा पूर्ण खर्च त्याच्यावर येतो.

निर्णय लेखी आणि कारणांसह मिळायला हवा, असेसमेंटची प्रतही. पटलं नाही किंवा ईमेललाच उत्तर आलं नाही, तर आधी काउन्सिलकडे रीतसर तक्रार, मग लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे, म्हणजे काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे. तिथे पैसे लागत नाहीत, पण गोष्ट कळल्यापासून साधारण १२ महिन्यांच्या आत जावं लागतं. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. वेल्स आणि स्कॉटलंडचे कायदे वेगळे आहेत.

ईमेलचा मसुदा केलात तर भावाचं नाव-पत्ता काढून इथे टाका, मी वाचून काय राहिलंय ते सांगेन.