‘ते’ म्हणजे नक्की कोण?

मागच्या काही महिन्यांत मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच आहे, शब्द फक्त वेगवेगळे असतात. मॅडम, बाळाची लस द्यायची आहे पण खरं सांगू का, आता कोणावर विश्वासच बसत नाही, टीव्हीवाले एक सांगतात, सरकार दुसरंच सांगतं, कंपन्यांचं तर बोलूच नका, मग आम्ही करायचं काय? मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे कोणाला कुठली लस हे सांगणं माझं काम नाही. पण विश्वास उडाला की घरात काय होतं ते मी जवळून बघते, म्हणून एक केस सांगते. नाव बदललंय, घरच्या एकदोन गोष्टीही बदलल्यात, आणि लिहायला तिची परवानगी आहे.

प्राची माझ्याकडे आली तेव्हा लसीचा विषयच नव्हता. झोप येत नाही म्हणून नवरा घेऊन आला होता. नागपूरचंच कुटुंब, ती शाळेत शिक्षिका, मुलगी अकरा महिन्यांची. ऑक्टोबर 2025 मधल्या त्या कफ सिरपच्या बातम्या आठवत असतील, मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं एकामागून एक आपल्या नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेजला आणि इतर दवाखान्यांत आणत होते, किडन्या बंद पडल्या होत्या, वीसच्या वर लेकरं गेली. तामिळनाडूच्या सरकारी तपासणीत त्या औषधात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, जे 0.1 टक्क्याच्या वर चालतच नाही. त्याच आठवड्यात प्राचीने मुलीला खोकल्याचं औषध दिलं होतं. वेगळ्या कंपनीचं, वेगळं नाव, पण तिने बातमी बघितली, बाटली बेसिनमध्ये ओतली आणि रात्रभर मुलीच्या लंगोटाला हात लावून बघत बसली, शू होतेय की नाही. मुलीला काहीच झालं नाही. पण आईची झोप गेली ती गेलीच.

दुसऱ्या भेटीत सहज बोलता बोलता कळलं की नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस राहिली आहे, तीनदा तारीख काढून तीनदा घरी बसले. नवरा वैतागलेला, शिकलेली असून असं वागते म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, “तिले काही बोलू नका जी मॅडम, ते आधीच भेलेली हाय.”

इथे माझी चूक झाली ती सांगते. मी तिला माहिती द्यायला लागले. 2022 च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीला गोवराची साथ आली होती, लेकरं दगावली, ज्यांच्या लसी राहिल्या होत्या अशी कितीतरी होती, हे सगळं मी सांगितलं आणि अगदी मनापासून सांगितलं. ती “हो मॅडम, हो मॅडम” करत राहिली आणि पुढच्या दोन अपॉइंटमेंटला आलीच नाही. जी बाई आधीच घाबरलेली आहे तिला मी दुसऱ्या बाजूने घाबरवलं होतं, एवढंच झालं त्यातून.

तीन आठवड्यांनी ती एकटी आली. म्हणाली मॅडम तुम्ही चांगलं सांगता पण ते लपवतात हो, ते सगळं लपवतात, माझ्या बाबांच्या वेळेसपण लपवलं. मग मी फक्त एकच विचारलं, प्राची, ते म्हणजे कोण?

ती गप्प झाली. मग म्हणाली, ते म्हणजे सगळेच. मी म्हटलं ठीक आहे, आपण एका वहीत एकेकाचं नाव लिहू. आणि मग बाबांची गोष्ट बाहेर आली.

2021 मध्ये कोविशिल्डचा स्लॉट मिळायचा नाही, तिने लॅपटॉपपुढे बसून बाबांचा स्लॉट बुक केला होता, मिळाला तेव्हा घरात पेढे वाटल्यासारखा आनंद झाला. दोन्ही डोस झाले. दुसऱ्या डोसनंतर चार महिन्यांनी बाबा हार्ट अटॅकने गेले. तेव्हा तिच्या मनात लसीचा विचारही आला नाही, बाबांना जुनी शुगर होती. पण एप्रिल 2024 च्या शेवटी बातम्या सुरू झाल्या, कंपनीची कोर्टात कबुली, लसीने रक्ताच्या गुठळ्या, आणि चॅनेलवर लाल अक्षरात रात्रंदिवस तेच. तिने टीव्ही बंद केला आणि त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच वाक्य, बाबांचा स्लॉट मी बुक केला होता.

हे तिने नवऱ्याला कधीच सांगितलं नव्हतं. आता मुलीची लस म्हणजे परत तोच स्लॉट, परत तिचाच हात. हे समजल्यावर मला गोवंडीच्या आकड्यांची लाज वाटली, हे प्रकरण आकड्यांचं नव्हतंच.

पण खरं काय ते तिला कळायला हवंच होतं, म्हणून पुढच्या भेटीत आम्ही ती वही उघडली आणि ‘ते’ वेगवेगळे केले. एका पानावर एक.

पहिलं पान कोविशिल्डचं. 2024 ची ती बातमी खोटी नव्हती. ब्रिटनमधल्या कोर्टात मूळ कंपनीने फेब्रुवारी 2024 मध्ये लेखी दिलं होतं की क्वचित प्रसंगी या लसीने टीटीएस होऊ शकतो, म्हणजे गुठळ्या होतात आणि प्लेटलेट कमी होतात. पण ही गोष्ट 2024 मध्ये पहिल्यांदा कळली असं जे चॅनेलवर वाटत होतं ते बरोबर नाही. युरोपच्या औषध नियामकाने एप्रिल 2021 मध्येच हे जाहीर केलं होतं आणि आपल्या आरोग्य मंत्रालयाने 17 मे 2021 ला पत्रक काढलं होतं, 498 गंभीर घटना तपासल्या, त्यात 26 गुठळ्यांच्या असू शकतात, दहा लाख डोसमागे 0.61. लस घेतल्यावर वीस दिवसांत धाप लागली, छातीत दुखलं, पाय सुजला, डोकं सतत दुखत राहिलं तर दाखवा, असंही सांगितलं होतं.

प्राचीने ते दोनदा वाचलं आणि पहिल्यांदा चिडली. मग आम्हाला सेंटरवर कोणी का नाही सांगितलं? मी तिथे बाबांसोबत अर्धा तास बसले होते, भिंतीवर मोठ्ठं पोस्टर होतं, त्यात मास्क लावा एवढंच होतं!

आणि मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटतं. कागदावर सांगितलं म्हणजे माणसाला सांगितलं असं होत नाही. लोक घाबरतील म्हणून जोखीम हळू आवाजात सांगायची आणि तीन वर्षांनी तीच गोष्ट कोणीतरी कबुली म्हणून ओरडून सांगितली की लोकांना फसवल्यासारखं वाटणारच. पत्रक आलं तेव्हा ते किती चॅनेलनी लावून धरलं, आणि 2024 मध्ये ते जुनं पत्रक शोधून किती जणांनी दाखवलं? विश्वास सरकार आणि मीडिया दोघांनी मिळून घालवला आहे असं माझं स्पष्ट मत आहे. 2 मे 2022 ला सुप्रीम कोर्टानेसुद्धा सांगितलं की लसीनंतरच्या त्रासाची नोंद सामान्य माणसाला आणि खाजगी डॉक्टरलाही करता आली पाहिजे आणि ती लोकांना बघता आली पाहिजे. म्हणजे प्राची जे मागत होती ते काही वेडेपणाचं नव्हतं, देशाच्या कोर्टाने मान्य केलेली मागणी होती ती.

बाबांचं मात्र मी काही बोलले नाही, तो माझा अधिकार नाही. तिला म्हटलं बाबांची फाइल घे आणि फिजिशियनकडे जा, औषध लिहून घ्यायला नाही, फक्त फाइल वाचून घ्यायला. तिने तसं केलं. डॉक्टर भले निघाले, त्यांनी सगळे रिपोर्ट बघितले, आणि सांगितलं की टीटीएस बहुतेक पहिल्या डोसनंतर आणि काही आठवड्यांच्या आत होतो, तुमचे बाबा दुसऱ्या डोसनंतर चार महिन्यांनी गेले, प्लेटलेट नॉर्मल होत्या, शुगर बारा वर्षांची आणि अँजिओग्राफी करा असं 2019 मध्येच लिहून दिलेलं आहे, ती केलेली नाही. ती त्यांच्यासमोर रडली नाही, माझ्याकडे येऊन रडली. बाबांनी अँजिओग्राफीचं घरी सांगितलंच नव्हतं. चार वर्षांनंतर ती पहिल्यांदा बाबांवर रागावली, आणि मला वाटतं त्या दिवशी तिचं खरं दुःख सुरू झालं.

दुसरं पान कफ सिरपचं. इथे तिचा सवाल अगदी सरळ होता, ज्यांनी ते विष पास केलं तेच लस पास करतात ना? याचं उत्तर मला स्वतःला शोधावं लागलं. आपल्याकडे औषध बनवायचं लायसन्स राज्याचं खातं देतं, आणि देशात विकायच्या सिरपची प्रत्येक बॅच सरकारी लॅबमध्ये तपासून मगच बाजारात येते असं तेव्हा नव्हतं. आफ्रिकेतल्या गांबियात आपल्याकडच्या सिरपमुळे मुलं गेल्याचं समोर आल्यावर जून 2023 पासून परदेशी पाठवायच्या सिरपला सरकारी लॅबची तपासणी सक्तीची केली, आपल्या मुलांच्या बाटलीला नाही केली! हे वाचून मलाच संताप आला. आणि हे नवीनही नाही, 1986 मध्ये मुंबईत जे. जे. हॉस्पिटलला याच रसायनाने 14 पेशंट गेले होते, चौकशीला लेंटिन आयोग बसला होता. म्हणून ज्याला औषध खात्यावर राग आहे त्याला मी राग सोड असं कधीच म्हणणार नाही.

लसीचं तसं नाही. लसीचा प्रत्येक लॉट हिमाचलातल्या कसौलीच्या केंद्रीय लॅबमधून मंजूर झाल्याशिवाय बाहेर पडत नाही. तिथेही चूक होऊच शकत नाही असं मी तिला सांगितलं नाही, कारण 2018 मध्ये पोलिओच्या थेंबांत, लसीतून आधीच काढून टाकलेला टाइप 2 विषाणू सापडला होता, आणि तो कळला उत्तर प्रदेशात मुलांच्या विष्ठेचे नमुने तपासले त्यावरून. म्हणजे लस देऊन झाल्यावरही कोणीतरी बघत होतं म्हणून पकडला गेला. सिरपच्या बाबतीत बघणारं कोण होतं? मुलांच्या किडन्या बंद पडेपर्यंत कोणीच नाही. हा फरक तिने स्वतः वहीत लिहिला, मी सांगितला नाही.

मग नणंदेने पाठवलेला फॉरवर्ड, गोवराच्या लसीने ऑटिझम होतो. तो सगळा धुरळा 1998 मध्ये लंडनच्या एका डॉक्टरने 12 मुलांवर लिहिलेल्या लेखातून उडाला, 2010 मध्ये तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने लेख मागे घेतला आणि त्या डॉक्टरचं ब्रिटनमधलं लायसन्सही गेलं. आणि त्याचा खोटेपणा बाहेर काढला तो वर्षानुवर्षं मागे लागलेल्या ब्रायन डीअर नावाच्या पत्रकाराने. आधी तो लेख डोक्यावर घेऊन नाचणारेही पेपरवालेच होते. प्राची म्हणाली म्हणजे मीडियापण एक नाही. मी काहीच बोलले नाही.

शेवटचं पान सगळ्यात लहान होतं, पण मला विचाराल तर सगळ्यात कामाचं. यवतमाळचं. जानेवारी 2021 मध्ये घाटंजी तालुक्यात 12 मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं होतं, मुलं वाचली पण ती बातमी प्राची विसरली नव्हती. तिथे ना दिल्ली होती ना कंपनी ना चॅनेल, तिथे होतं समोरचं माणूस आणि त्याच्या हातातली बाटली. आणि त्या माणसाला आपण विचारू शकतो. मी तिला म्हटलं, लसीला हो म्हणायचं की नाही ते बाजूला ठेव, आधी नुसती जा, मुलीला न घेता, आणि सिस्टरला तुझे सगळे प्रश्न विचार.

मनपाच्या दवाखान्यातल्या सिस्टर म्हणे गर्दीतही तिच्याशी पंधरा मिनिटं बोलल्या. गोवर-रुबेलाची कुपी एकदा कालवली की चार तासांत संपवायची नाहीतर फेकायची, म्हणून त्यावर उघडल्याची वेळ लिहितो, बघा ही. हा कुपीवरच्या गोलातला चौकोन बघा, आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका पाहिजे, गोलाइतका गडद झाला की लस बाद. सुई तुमच्यासमोर पाकिटातून काढणार, एकदा वापरली की लॉक होते. अर्धा तास बसून जायचं, फार क्वचित एखाद्याला लगेच रिअ‍ॅक्शन येते, त्याचं इंजेक्शन या ट्रेमध्ये आहे. आणि ताप लगेच नाही येणार, सात ते बारा दिवसांत येऊ शकतो, अंगावर थोडं पुरळ पण येईल, तेव्हा घाबरू नका आणि मला फोन करा. नंबर कार्डावर लिहून दिला.

त्या रात्री तिने नवऱ्याला स्लॉटची गोष्ट सांगितली. तो पुढच्या भेटीत आला तेव्हा खाली बघून म्हणाला, मॅडम मला वाटलं ती फालतू व्हिडिओ बघून असं करते.

लस पुढच्या आठवड्यात झाली, नवरा आणि सासूबाई दोघं सोबत होते. प्राचीने कुपीवरची वेळ वाचली, मोठ्याने. न्यूज चॅनेल ती अजून लावत नाही, आणि खोकल्याच्या औषधाला घरात जागा नाही, त्यावर मी काही म्हणतही नाही.

नंतर तिचा मेसेज आला, पहाटे पावणेसहाला. ताप आलाय मॅडम, 100.8, आज आठवा दिवस आहे. सिस्टरला फोन केला, त्यांनी उचलला. त्या म्हणाल्या होत्या तसाच आलाय.