दोन वह्या

प्रिय मित्रा,

रात्री दोन वाजता तुझा मेसेज आला, 'सर, माझा स्कोअर सहा आला.' खाली त्या दहा प्रश्नांचा फोटो, लहानपणी घरात मारहाण, अत्याचार, हेळसांड झाली का, असं विचारणाऱ्या; जितकी 'हो', तितका स्कोअर. सकाळी दुसरा मेसेज, 'म्हणजे नशेत पडलो त्यात माझी चूक नव्हतीच ना?' आणि दुपारी तिसरा, 'की मी नुसती कारणं शोधतोय?' तिन्हींची उत्तरं फोनवर टाइप करण्याइतका धीर माझ्या बोटांत नाही, म्हणून हे पत्र.

त्या प्रश्नांमागची हकिकत मला ठाऊक आहे. अमेरिकेत सॅन डिएगोला व्हिन्सेंट फेलिटी नावाच्या डॉक्टरांचा लठ्ठपणाचा दवाखाना होता. ज्यांचं वजन छान उतरत होतं, तीच माणसं मध्येच यायची बंद होत. का, हे विचारता विचारता त्यांच्या लहानपणच्या गोष्टी बाहेर पडायला लागल्या. मग संशोधक रॉबर्ट अँडा आणि फेलिटी यांनी १९९५ ते १९९७ या काळात १७ हजारांहून अधिक प्रौढांना लहानपणाबद्दल विचारलं. रस्त्यावरची नव्हेत, बहुतेक शिकलेली, विमा असलेली माणसं. २००३ साली त्यातूनच निघालं, की ज्यांची पाच किंवा जास्त उत्तरं 'हो' आली, त्यांच्यात ड्रग्जचा प्रश्न सांगणारे एकही 'हो' नसणाऱ्यांच्या सात ते दहा पट होते. तुझी सहा आहेत. तेव्हा योगायोग वगैरे नाही, हे मान्य.

पण त्याच अँडांनी २०२० साली बजावलं, की हा आकडा एकेकट्या माणसाला मोजायला वापरू नका. तू तर तो मार्कशीटसारखा पाठवलास. राग मानू नकोस, पण मला तो सूर ओळखीचा आहे. पाच वर्षं मी त्याच सुरात बोलत होतो.

आपल्या नशामुक्तीच्या ग्रुपमधली जुनी मंडळी माझं हे पुढचं वाक्य ऐकून डोळे मिटून घेतात. घेऊ देत. दोन वह्या ठेव. एकीत तुझ्यासोबत जे झालं ते. दुसरीत तू जे केलंस ते. आणि एकीतून दुसरी वजा करायची नाही.

आमचे वडील कुलपात किल्ली कशी फिरवतात, त्यावरून मला रात्र कशी जाणार ते कळायचं. एका झटक्यात फिरली तर जेवण होणार. किल्ली भोक शोधत राहिली तर पट्टा. नऊ वर्षांचा असताना मी जिन्यावरची पावलं मोजायचो. सोळाव्या पायरीवर ते थांबले की बहिणीला पलंगाखाली ढकलायचो. पुढे एकोणिसाव्या वर्षी मित्राच्या खोलीवर पहिल्यांदा गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, ओढली. मजा आली का म्हणून लोक विचारतात. मजा नाही रे. त्या रात्री जिन्यावरून कुणीतरी वर आलं आणि मी पावलं मोजली नाहीत. एवढंच. त्या 'एवढंच'साठी मी पुढची अकरा वर्षं घातली.

हे पहिल्या वहीतलं. आता दुसरी. ज्या बहिणीला पलंगाखाली लपवायचो, तिच्या कॉलेजच्या फीचे पैसे मी चोरले. वर्ष गेलं तिचं. कितीतरी दिवस मी हिशोब असा मांडायचो, की बापानं एवढं मारलं, त्यापुढे फी ती काय. म्हणजे पट्टा खाल्ला मी, नि त्याची वसुली तिच्याकडून. वजावट म्हणतो ती ही.

उलटा प्रकारही केलाय. तीनदा टर्की काढली, म्हणजे माल एकदम बंद करून अंगाची तडफड सोसली. जिथे ठेवलं होतं तिथे सांगत, मागचं उगाळू नकोस, मर्दासारखा उभा राहा. राहिलो. पहिली वही जाळूनच टाकली म्हण ना. अंगातून माल गेला आणि महिन्याभरात रात्री पुन्हा किल्ली ऐकू यायला लागली. तिन्ही वेळा तिथूनच घसरलो. चुका सगळ्या माझ्या, बापाचं नाव काढायचं नाही, हीसुद्धा वजावटच, फक्त दुसऱ्या बाजूने.

पुरुषांचं एक बघून ठेवलंय मी. नशेची गोष्ट तासभर सांगतील, रंगवून, माल कुठे मिळायचा, पोलीस कसे मागे लागले. त्याआधीच्या बारा-पंधरा वर्षांना एक वाक्य: 'लहानपण नॉर्मल होतं.' तूही पहिल्या दिवशी हेच म्हणालास, आणि म्हणताना घड्याळाचा पट्टा एका भोकातून दुसऱ्या भोकात, परत पहिल्यात, असं चाललं होतं. मी काही विचारलं नाही. फेलिटी-अँडांच्या पाहणीतल्या पुरुषांपैकी १६ टक्क्यांनी लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं, तेही कागदावर खूण करायची होती म्हणून. समोर बसून किती जण बोलले असते? प्रश्नावलीत तू कुठे खूण केलीस ते मी फोटोत पाहिलंय. त्याबद्दल तू बोलशील तेव्हा बोलू. फक्त एवढं समज, की मुलग्याच्या बाबतीत असं काही होत नसतं, हे ज्यांनी तुला सांगितलं ते चूक होते.

आता त्या मेसेजांमागचा तुझा खरा प्रश्न, आधी नशेवर काम करायचं की आधी त्या जुन्यावर. या प्रश्नानं मी वैतागतो. दोन्ही, पण सावकाश. आधी झोप, जेवण, आणि रात्री फोन करता येईल असा एक माणूस. पहिली वही रात्री एकट्यानं उघडायची नाही. ती या कामात मुरलेल्या थेरपिस्टसमोर उघड, मी तेवढा शिकलेलो नाही. आणि हे एकदाच सांगतो, नीट ऐक. चाळीस दिवस तू क्लीन आहेस, म्हणजे शरीराची सवय गेलीय. पूर्वी पचायचा तेवढाच डोस आता जीव घेतो. माझे दोन मित्र असेच गेले, सुटून आल्यावर पहिल्याच आठवड्यात. घसरलास तर लाज नंतर, फोन आधी.

वडील शेवटचे आजारी होते तेव्हा मी गेलो नाही. नातेवाईक अजून ऐकवतात, एवढा सुधारलास, मग माफ का केलं नाहीस. पहिल्या वहीत माफीचं पान असलंच पाहिजे, असा नियम कुणी केला? मी गेलो नाही ते बरोबरच केलं. त्यांना पाणी पाजून माझी दुसरी वही हलकी झाली नसती. बरोबरच केलं. (दोनदा लिहिलं, दिसलं मला. खोडत नाही.)

बहिणीचे पैसे हप्त्या-हप्त्यानं फेडले. वर्ष फेडता आलं नाही. माझ्या मुलाची पण एक पहिली वही आहे, त्यात मी आहे. तो सात वर्षांचा होईपर्यंत मी घरी कुठल्या अवस्थेत यायचो ते त्यानं लिहिलं असणार. मी त्याला माझ्या पट्ट्याची गोष्ट अजून सांगितलेली नाही. सांगितली तर त्याला वाटेल, मी वजावट मागतोय. त्यानं विचारलं तर सांगेन. एकतीस वर्षांचा आहे तो, विचारलेलं नाही.

तुझ्या आईला काय सांगायचं ते गुरुवारी भेटल्यावर बघू. तिच्याकडून उचललेल्या रकमेचा आकडा घेऊन ये, अंदाजे चालणार नाही. भिंतीला टेकलेली, दाराकडे तोंड असलेली खुर्ची तू दर वेळी धरतोस, ती मी ठेवीन. आणि दारावर टकटक करूनच आत येईन.

तुझा,
सर