लायब्ररीतलं ‘मीच!’

शिकागोजवळच्या एका उपनगरातून अडीच वर्षांच्या मुलाच्या आईनं विचारलंय: ‘दर मंगळवारी त्याला लायब्ररीत स्टोरीटाइमला, म्हणजे छोट्यांच्या गोष्टी-गाण्यांच्या कार्यक्रमाला नेते. बाकीची मुलं आईच्या मांडीत बसतात, हा पळत सुटतो, कपाटातली पुस्तकं ओढतो. निघायची वेळ झाली की जमिनीवर लोळण घेतो. भारतातून सासूबाई म्हणतात, फार हट्टी झालाय, नेऊच नकोस. जाणं बंद करू का?’

लायब्ररी बंद करू नका. स्टोरीटाइम मात्र महिनाभर बाजूला ठेवा.

हे मी अनुभवावरून सांगतेय. माझा मुलगा त्याच वयाचा होता तेव्हा गाणं अर्ध्यावर असताना तो गालिच्यावर आडवा पडला आणि उठेना. मी त्याला काखोटीला मारलं, सगळ्यांना ‘सॉरी, सॉरी’ म्हणत बाहेर आणलं आणि नंतर तीन आठवडे तिकडे फिरकले नाही. पुन्हा गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी आम्हाला दाराजवळची जागा दाखवली. कंटाळला तर बाहेर चक्कर मारून या, वाटलं तर परत आत या, असं त्यांनी सांगितलं. इतकी साधी सूट असते हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. बहुतेक ठिकाणी ती मिळते, विचारून बघा.

पण खरी गंमत मुलाला स्टोरीटाइममध्ये सापडली नाही, ती सापडली दाराबाहेरच्या बुकड्रॉपमध्ये. परत करायची पुस्तकं टाकायची ती फट. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही हातांनी धरायचं, टाचा उंचावून आत ढकलायचं, आणि आत ‘धप्प’ झालं की कान लावून ऐकायचं. एकेक करून सहा पुस्तकं टाकायला आम्हाला दहा मिनिटं लागायची. मागे कुणी आलं तर त्यांना पुढे जाऊ द्यायचं. ‘मीच!’ म्हणणाऱ्या पोराला ‘तूच’ म्हणता येईल असं काम मिळालं की त्याचा अर्धा हट्ट तिथेच सुटतो. या वयात त्याला सगळं स्वतः करायचं असतं, आणि आपण मात्र त्याला नेमकं बसून ऐकायला नेतो.

म्हणून क्रम ठरवून टाका आणि तो मोडू नका. आधी पुस्तकं टाकायची, मग नवी निवडायची, मग ती आपल्या नावावर नोंदवायला मशीनवर ठेवून बीप करायचं, मग गाडीत केळं. घरून निघतानाही हेच सांगा आणि पोहोचल्यावरही. निवडताना अख्खं कपाट त्याच्यापुढे मोकळं सोडू नका. दोन पुस्तकं समोर धरा: हत्तीचं की बसचं? ‘पाच मिनिटांनी निघायचं’ हे त्याला कळत नाही, ‘अजून दोन पुस्तकं, मग बीप’ हे कळतं. आणि दोन झाली की निघाच. रडला तरी. एकदा तिसऱ्या पुस्तकाला बसलात की पुढच्या वेळी तो चौथ्यासाठी रडणार. भुकेच्या किंवा झोपेच्या वेळेला मुळीच नेऊ नका. आणि सगळं छान चाललेलं असतानाच निघा, तो कंटाळायची वाट बघू नका.

आता एक गोष्ट, जी मला या सगळ्यापेक्षा महत्त्वाची वाटते. पोर भर लायब्ररीत रडायला लागलं की आपण नकळत इंग्रजीवर येतो. घरी ‘अरे राजा, काय झालं?’ म्हणणारी आई तिथे एकदम ‘वी डोंट डू दॅट’ म्हणू लागते. हे बोलणं मुलासाठी नसतं, बघणाऱ्यांसाठी असतं. आणि मुलाला त्या क्षणी आईचा ओळखीचा आवाज हवा असतो. खाली बसा, त्याच्या कानाशी हळू, मराठीतच बोला. लोक बघतील. बघू देत. त्या हॉलमध्ये आणखी चार भाषा ऐकू येत असतील.

पुस्तक फाटेल, हरवेल, दंड बसेल, ही भीतीही पत्रात दिसली. उशिराचा दंड अनेक ठिकाणी आता उरलेला नाही. शिकागो शहराच्या लायब्ररीनं तो ऑक्टोबर 2019 मध्ये बंद केला, न्यूयॉर्क शहरातल्या तिन्ही सार्वजनिक लायब्ररींनी ऑक्टोबर 2021 मध्ये. उपनगरांच्या लायब्ररी वेगळ्या चालतात, तेव्हा तुमच्या काउंटरवर विचारा. हरवलेल्या पुस्तकाची किंमत मात्र सहसा भरावी लागते. पान फाटलं तर घरच्या चिकटपट्टीनं जोडू नका, तसंच नेऊन दाखवा. त्यांच्याकडे त्यासाठी वेगळी टेप असते.

मराठी पुस्तक तिथे मिळालं नाही म्हणून हिरमुसू नका. चित्रांचं पुस्तक घ्यायचं आणि गोष्ट मराठीत सांगायची. छापलेले शब्द तेवढेच्या तेवढे वाचायलाच हवेत असं काही नाही. ‘प्रथम बुक्स’च्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात, त्या घरासाठी ठेवा. आणि शनिवारी व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना तीच पुस्तकं दाखवू द्या. ‘आजी, हत्ती!’ म्हणून पान फोनला चिकटवतो तेव्हा आजीला काही दिसत नाही, पण ‘अगंबाई, केवढा मोठा!’ ती म्हणतेच. पुढच्या वेळी ‘नेऊ नकोस’ म्हणण्याऐवजी ‘या आठवड्यात काय आणलं?’ असं त्या विचारतील, अशी मला आशा आहे.

तेव्हा या मंगळवारी स्टोरीटाइमची वेळ टाळून, त्याची झोप झाल्यावर जा. सोबत परत करायची चार पुस्तकं, एक छोटी पिशवी जी तोच उचलेल, आणि गाडीत एक केळं. वीस मिनिटांत परत या. दोनच पुस्तकं आणलीत तरी चालेल.